ब्लू टिक, लास्ट सीन आणि लाइव्ह लोकेशन : यावरून नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही?



"डबल टिक आलीये, म्हणजे मेसेज पोचलाय. मग रिप्लाय का नाही?"
"रात्री दीड वाजता ऑनलाइन दिसलीस. कोणाशी बोलत होतीस?"
"लोकेशन तर कॅफेचं दाखवतंय आणि तू म्हणतोस ऑफिसात आहे!"

यातलं एखादं वाक्य तुम्ही कधीतरी ऐकलं असेल, नाहीतर कोणाला तरी ऐकवलं असेल. मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. माझं रोजचं काम म्हणजे मेसेज आणि नोटिफिकेशन एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवणाऱ्या सिस्टिम्स सांभाळणं. त्यामुळे ग्रुपमध्ये कोणाचं भांडण झालं की स्क्रीनशॉट माझ्याकडे येतो आणि सोबत प्रश्न असतो, "तू यातली आहेस ना, मग सांग, त्याने वाचलाय की नाही?" बहुतेक वेळा माझं उत्तर एकच असतं: यावरून सांगता येणार नाही.

ते का सांगता येत नाही, हे आज समजून घेऊया. यावरून मैत्री तुटताना आणि ठरलेली लग्नं अडकताना मी पाहिली आहेत. माझं मत आधीच सांगून टाकते. ही चिन्हं एका मशीनने दुसऱ्या मशीनला दिलेली पोचपावती आहेत. माणसाच्या मनात काय चाललंय याची खबर त्यात नसते.

चला तर मग, टिकपासून सुरुवात करू.

एक टिक, दोन टिक, निळी टिक

तुम्ही व्हॉट्सॲपवर मेसेज पाठवला की तो थेट समोरच्याच्या फोनवर जात नाही. आधी तो व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर जातो. तिथे पोचला की तुम्हाला एक राखाडी टिक दिसते. सर्व्हर तो पुढे ढकलतो. समोरच्याच्या फोनवर किंवा त्याने जोडलेल्या लॅपटॉपसारख्या एखाद्या डिव्हाइसवर तो उतरला की दुसरी टिक येते. त्याने ते चॅट उघडलं की दोन्ही टिक्स निळ्या होतात. ही निळी टिक नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. त्याआधी मेसेज वाचला की नाही, हे चॅटमध्ये असं दिसतच नव्हतं.

आता प्रत्येक पायरीवर काय काय होऊ शकतं ते बघा.

एकच टिक दिसतेय? फोन बंद असेल, चार्जिंग संपलं असेल, नेट पॅक संपला असेल किंवा रेंज नसेल. कोकण रेल्वेवर रत्नागिरीजवळचा करबुडे बोगदा सुमारे साडेसहा किलोमीटर लांब आहे. गाडी अशा बोगद्यात शिरली की रेंज गेलीच समजा. तेवढ्यात मुंबईत बसलेल्या माणसाने "ब्लॉक केलंस का?" असं विचारून भांडण सुरूही केलेलं असतं. ब्लॉक केल्यावरही एकच टिक राहते हे खरं. पण एकच टिक आहे म्हणजे ब्लॉकच केलंय, असा उलटा अर्थ निघत नाही. पोचू न शकलेला मेसेज व्हॉट्सॲपच्या सर्व्हरवर ३० दिवसांपर्यंत थांबू शकतो. तोवर तुमच्याकडे ती एकच टिक दिसत राहते.

आणखी एक कारण फार कमी जणांना माहीत असतं, ते म्हणजे बॅटरी वाचवणारी सिस्टिम. २०१५ मध्ये अँड्रॉइड ६.० सोबत 'डोझ' नावाची सोय आली. फोन चार्जरला लावलेला नसेल, स्क्रीन बंद असेल आणि फोन बराच वेळ हलला नसेल, तर अँड्रॉइड मागे चालणाऱ्या ॲप्सचं इंटरनेट आखडतं घेतं. महत्त्वाच्या मेसेजसाठी फोनला जागं करायची व्यवस्था आहे, पण काही फोनमध्ये कंपनीचा स्वतःचा बॅटरी सेव्हर वरून आणखी कडक असतो. मग नेट चालू, रेंज फुल, तरी मेसेज उशिरा उतरतात. उशाशी फोन ठेवून झोपलेल्या माणसाने तुम्हाला टाळलंय, असा निष्कर्ष यातून काढू नका.

दोन राखाडी टिक्स दिसतायत? मेसेज कुठल्या तरी एका डिव्हाइसवर उतरलाय, एवढंच. तो डिव्हाइस ऑफिसच्या टेबलावरचा लॅपटॉपही असू शकतो. उलट बाजूने, नोटिफिकेशन वरून खाली ओढून मेसेज पूर्ण वाचता येतो आणि तरीही टिक निळी होत नाही. म्हणजे राखाडी टिक असताना वाचलेलं असू शकतं.

निळी टिक आलीये? मग ते चॅट स्क्रीनवर उघडलं गेलं. ते वाचलं का, नीट वाचलं का, कोणी वाचलं, हे यात नाही. चॅट उघडंच ठेवून कोणी पोळ्या लाटायला गेलं आणि स्क्रीन चालू राहिली, तर नवा मेसेज येताक्षणी निळा होतो. घरात आईच्या फोनवरचे निम्मे मेसेज धाकटं भावंडच उघडतं. तिथे निळी टिक नेमकी कोणाची मोजायची?

ग्रुपमध्ये नियम वेगळा आहे. तिथे दुसरी टिक सगळ्यांना मेसेज पोचल्यावर येते आणि निळी टिक सगळ्यांनी उघडल्यावर. कोणी कधी उघडला हे पाहायचं असेल तर स्वतःचा मेसेज दाबून धरा आणि 'इन्फो'मध्ये जा. रीड रिसीट्स बंद केल्या असल्या तरी ग्रुपमध्ये त्या चालूच राहतात, हेही लक्षात ठेवा.

'ऑनलाइन' म्हणजे तुमच्यासाठी ऑनलाइन नव्हे

नावाखाली 'ऑनलाइन' दिसतं तेव्हा त्या व्यक्तीचं व्हॉट्सॲप समोर उघडं आहे आणि नेट चालू आहे, इतकाच त्याचा अर्थ. ती ऑफिसची पीडीएफ शोधत असेल, डॉक्टरने पाठवलेलं प्रिस्क्रिप्शन मेडिकलवाल्याला दाखवत असेल किंवा सोसायटीच्या ग्रुपवर पाण्याच्या टँकरची चौकशी करत असेल. तुमचं चॅट तिने पाहिलंय की नाही, हे त्या शब्दात कुठेही नाही.

माझ्या एका मैत्रिणीचा किस्सा सांगते. तिच्या बाबांना रात्री हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं होतं. ती पहाटे तीनपर्यंत भावाला रिपोर्टचे फोटो पाठवत होती. सकाळी होणाऱ्या नवऱ्याचा पहिला मेसेज आला: "रात्री तीनपर्यंत ऑनलाइन होतीस. मला रिप्लाय द्यायला वेळ नाही, बाकीच्यांशी बोलायला आहे." बाबा बरे झाले. पण तो मेसेज ती अजून विसरलेली नाही. त्याने 'ऑनलाइन' बरोबर पाहिलं होतं. कारण मात्र त्याने मनानेच भरलं होतं, आणि ते साफ चुकीचं होतं.

हाच प्रकार ऑफिसमध्ये होतो. "ऑनलाइन दिसलीस म्हणून म्हटलं, ती फाइल आत्ता पाठवतेस का?" असा मेसेज रात्री साडेअकराला येतो, कारण आपण मावशीचा बर्थडे स्टेटस बघायला ॲप उघडलेलं असतं. घरी गावाला फोन केला तर तिथे वेगळीच चौकशी: "अगं, एवढ्या रात्री जागी कशी?"

ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपने 'ऑनलाइन' लपवायची सोय जाहीर केली. सेटिंग्ज → प्रायव्हसी → 'लास्ट सीन अँड ऑनलाइन' इथे जा. लास्ट सीनसाठी सगळ्यांना, फक्त कॉन्टॅक्ट्सना, काही कॉन्टॅक्ट्स सोडून किंवा कोणालाच नाही, असे चार पर्याय आहेत. खाली ऑनलाइनसाठी 'सेम ॲज लास्ट सीन' निवडलं की दोन्हींना एकच नियम लागू होतो. मात्र व्यवहार दोन्ही बाजूंनी सारखा आहे. तुम्ही स्वतःचं लपवलंत, तर दुसऱ्याचंही तुम्हाला दिसणार नाही. रीड रिसीट्सनाही हाच नियम आहे.

माझ्या फोनवर दोन्ही बंद आहेत. त्यात लपवण्यासारखं काही नाही. आपण घराचं दार लावतो ते आत काही गुन्हा चाललाय म्हणून लावत नाही. आणि दुसऱ्याचं दिसत नसल्यामुळे माझाही ताण कमी झालाय. रिप्लाय आला की आला.

नकाशावरचा ठिपका किती खरा?

लाइव्ह लोकेशन ही मला स्वतःला आवडणारी सोय आहे. रात्री कॅबने घरी येताना मी ती रूममेटला पाठवते. व्हॉट्सॲपमध्ये १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास अशी मुदत निवडता येते आणि मुदत संपली की ती आपोआप बंद होते.

पण फोनला आपली जागा कळते कशी? मोकळ्या आकाशाखाली जीपीएस उपग्रहांचे सिग्नल मिळतात, तेव्हा काही मीटरपर्यंत अचूक जागा कळते. इमारतीच्या आत हे सिग्नल अडतात. मग फोन आजूबाजूचे वायफाय आणि मोबाइल टॉवर बघून अंदाज बांधतो. नुसत्या टॉवरवरून बांधलेला अंदाज शेकडो मीटरने चुकू शकतो. गूगल मॅप्समध्ये निळ्या ठिपक्याभोवती जे फिकट निळं वर्तुळ दिसतं, ते मॅप्सने स्वतःच दिलेली कबुली आहे: "या वर्तुळात कुठेतरी." वर्तुळ मोठं असेल तर अंदाज कच्चा.

आता ऑफिस तिसऱ्या मजल्यावर आणि कॅफे रस्त्यापलीकडे असेल, तर ठिपका कॅफेवर बसायला कितीसा वेळ लागतो? शिवाय समोरच्याचं नेट गेलं तर तुम्हाला दिसणारा ठिपका जुना असतो. ठिपक्यासोबत तो शेवटचा कधी अपडेट झाला हे लिहिलेलं असतं. भांडायच्या आधी निदान ते तरी वाचा.

आता मुद्द्याचं: "विश्वास असेल तर पिन दे"

इथपर्यंत गैरसमजांबद्दल बोललो. पुढचा भाग जास्त गंभीर आहे.

कॉलेजात असल्यापासून मी एक वाक्य ऐकत आलेय: "तुझ्याकडे लपवायला काही नसेल तर पिन द्यायला काय हरकत आहे?" बरेच जण प्रेमाखातर देतात. पिन देणं म्हणजे नेमकं काय देणं, हे मात्र त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

व्हॉट्सॲपचे मेसेज एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात, हे चॅटच्या वर लिहिलेलं तुम्ही वाचलं असेल. एप्रिल २०१६ पासून ते सगळ्या चॅट्सना लागू आहे. म्हणजे मेसेज पाठवणाऱ्याच्या डिव्हाइसवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या डिव्हाइसवर उघडतो. मधल्या वाटेवर तो कोणाला, अगदी व्हॉट्सॲपलाही, वाचता येत नाही. पण हे कुलूप वाटेवरचं आहे. दोन्ही टोकांना मेसेज उघडाच असतो. तुमच्या अकाउंटला कोणी स्वतःचा लॅपटॉप जोडला, तर तो लॅपटॉपही एक टोक बनतो. एन्क्रिप्शन त्यालाही रीतसर किल्ली देतं.

फोन हातात आणि पिन माहीत असलेल्या माणसाला हे जोडायला फार वेळ लागत नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की झालं. एका फोनला अशी चार डिव्हाइसेस जोडता येतात. त्यानंतर तुमचा फोन जवळ असण्याची किंवा चालू असण्याचीही गरज नाही. मुख्य फोन १४ दिवस वापरलाच नाही तर ही डिव्हाइसेस आपोआप बाहेर पडतात. पण आपण फोन रोज वापरतो, त्यामुळे हे कनेक्शन महिनोन्‌महिने चालू राहू शकतं.

यात तुमच्याइतकंच नुकसान दुसऱ्यांचंही आहे. मैत्रिणीने रडत रडत तुम्हाला सांगितलेली गोष्ट, भावाने मागितलेले उसने पैसे, आईच्या तब्येतीचे रिपोर्ट, हे सगळं तिसरा माणूस वाचत असतो. पिन दिलात तुम्ही, पण त्या लोकांना कोणी विचारलेलंच नसतं.

म्हणून आज वेळ काढून एवढं तपासा:

१. व्हॉट्सॲप → 'लिंक्ड डिव्हाइसेस'. प्रत्येक डिव्हाइसचं नाव आणि ते शेवटचं कधी वापरलं गेलं हे दिसेल. ओळखीचं नसेल त्यावर टॅप करून 'लॉग आउट' करा.

२. व्हॉट्सॲप → सेटिंग्ज → प्रायव्हसी → 'लाइव्ह लोकेशन'. कोणत्या चॅटमध्ये लोकेशन अजून चालू आहे, ते इथे एकत्र दिसतं.

३. गूगल मॅप्स → वरचा प्रोफाइल फोटो → 'लोकेशन शेअरिंग'. इथे 'मी बंद करेपर्यंत' असा पर्याय असतो. ट्रिपला जाताना दिलेलं लोकेशन वर्षभर चालू राहू शकतं ते यामुळे.

४. गूगल अकाउंट → सिक्युरिटी → 'युवर डिव्हाइसेस'. तुमचं अकाउंट ज्या ज्या फोनवर लॉगइन आहे ती यादी इथे आहे. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण गूगल अकाउंट हातात असलं की फोटो, ईमेल आणि हरवलेला फोन शोधायच्या सोयीतून लोकेशन, सगळंच हातात येतं.

५. इन्स्टाग्राम → अकाउंट्स सेंटर → पासवर्ड अँड सिक्युरिटी → 'व्हेअर यू आर लॉग्ड इन'.

६. हे झाल्यावर फोनचा पिन आणि गूगलचा पासवर्ड बदला. पिन जुनाच ठेवलात तर उद्या सगळं पुन्हा जोडता येईल. व्हॉट्सॲपची 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन' चालू करून सहा आकडी पिनही टाका. कोणी तुमचा नंबर दुसऱ्या फोनवर रजिस्टर करायला गेलं तर ओटीपीशिवाय हा पिनही लागतो.

एक काळजीची सूचना. ज्याने पाळत ठेवली आहे तो माणूस रागीट असेल, धमक्या देत असेल किंवा हात उचलत असेल, तर एकटीने किंवा एकट्याने एकदम सगळं बंद करू नका. ॲक्सेस गेल्याचं त्याला लगेच कळू शकतं. आधी यादीचे स्क्रीनशॉट घ्या, ते विश्वासातल्या माणसाकडे ठेवा आणि त्याच्या फोनवरून मदत मागा. तातडीची गरज असेल तर ११२ वर फोन करा.

कायदाही या बाबतीत गप्प नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ नुसार, एखाद्या पुरुषाने स्त्रीच्या इंटरनेट, ईमेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संवादावर पाळत ठेवणं हे पाठलागाच्या गुन्ह्यात मोडतं. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या डिव्हाइसमध्ये शिरून माहिती घेण्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये तरतूद आहे आणि ती स्त्री-पुरुष दोघांनाही लागू आहे. सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी प्रायव्हसी हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलंय. "आमच्यात काही प्रायव्हेट नसतं" हे ऐकायला गोड वाटतं, पण ते दोघांनी मनापासून ठरवलेलं असायला हवं. एकाने मागायचं आणि दुसऱ्याने घाबरून द्यायचं, हे ठरवणं नव्हे.

मग विश्वास ठेवायचा कशावर?

तुम्ही म्हणाल, कोणी खरंच फसवत असेल तर? असतात तशीही माणसं. पण फसवणाऱ्या माणसाला लास्ट सीन बंद करता येतो, चॅट डिलीट करता येतं, फोन घरी ठेवून बाहेरही जाता येतं. म्हणजे ज्याला पकडायचंय तो या जाळ्यात सापडत नाही. सापडतो तो बोगद्यात अडकलेला, झोपलेला किंवा आजारी बापाशेजारी बसलेला माणूस.

आमच्या सिस्टिममध्ये एखाद्या सर्व्हरकडून उत्तर आलं नाही, तर तो बंद पडलाय असं लगेच धरून चालत नाही. उत्तर उशिरा येत असेल, वाटेत हरवलं असेल किंवा मधलं नेटवर्क तुटलं असेल. म्हणून आपण थोडं थांबतो आणि पुन्हा विचारतो. मशीनला आपण एवढी सवलत देतो, तर ज्याच्यावर आपलं प्रेम आहे त्याला का नाही?

रिप्लाय आला नाही आणि जीव खालीवर होत असेल, तर सरळ कॉल करा. उचलला नाही तर लिहा, "काळजी वाटतेय, वेळ मिळाला की कळव." "वाचून रिप्लाय नाही?" या वाक्यापेक्षा याला उत्तर लवकर येतं. आणि तुमच्याकडून उशीर होणार असेल तर "कामात आहे, रात्री बोलते" एवढं टाकायला काही सेकंद पुरतात. त्या तीन-चार शब्दांतून समोरच्याला जे कळतं, ते कुठल्याही निळ्या टिकमधून कळत नाही.

वरची सहा ठिकाणं मात्र आजच तपासा. आणि पिन मागितला म्हणून देऊन बसलेला एखादा मित्र किंवा मैत्रीण असेल, तर शेजारी बसून त्यांच्याही फोनवर तपासून द्या.